दोन हजार आठशेचा तंबू

माझे वडील ताडपत्री शिवायचे. ट्रकवर टाकायची, खळ्यावर पसरायची, सोमवारच्या बाजारात दुकानावर बांधायची, अशी जाड सुती ताडपत्री. दाभण, मेण लावलेला दोरा आणि पितळी रिंगा ठोकायचा हातोडा, एवढ्या भांडवलावर त्यांनी आम्हा चार भावंडांना शिकवले. माझ्या बी.एड.ची फीसुद्धा त्या दाभणातूनच आली. पुढे कारखान्यात बनलेली निळी-पिवळी प्लास्टिकची ताडपत्री बाजारात आली. ती हलकी होती आणि निम्म्याहून कमी किमतीत मिळायची. सुती ताडपत्री शिवून घेणारे गिऱ्हाईक एकेक करून आटले. २०१३ आणि २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या भागात चारा छावण्या लागल्या, तेव्हा जनावरांबरोबर मुक्कामाला आलेल्या लोकांनी अब्बांकडून जुन्या ताडपत्र्या सांधून नेल्या. ते त्यांचे शेवटचे मोठे काम.

अशा घरातल्या मुलीने २०२३ च्या एप्रिलमध्ये दोन हजार आठशे रुपये देऊन पुण्याहून एक तंबू विकत आणला, आणि तोही निव्वळ हौसेसाठी. तंबूची पिशवी मी दोन दिवस कपाटात लपवून ठेवली होती, हे आधीच कबूल करते.

हौस कुठून आली तेही सांगते. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत भूगोल शिकवते. दरवर्षी कळसूबाईचा धडा येतो : महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर, तालुका अकोले. एका वर्षी नववीतल्या एका मुलीने विचारले, ‘‘टीचर, आपने देखा है?’’ मी नाही म्हणाले. ती म्हणाली, ‘‘पर वो तो अपने ही जिले में है ना?’’ सतरा हजार चौरस किलोमीटरचा हा जिल्हा, राज्यात सर्वांत मोठा. तेव्हाचा अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर. त्याच्या दक्षिण टोकाला आमचा श्रीगोंदा आणि वायव्य कोपऱ्यात कळसूबाई; मध्ये दोनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. दहा वर्षे मी ती उंची फळ्यावर लिहीत होते. खोटे काही शिकवत नव्हते, तरी त्या दिवशी मला लाज वाटली.

पायथ्याच्या बारी गावात जेवणाची आणि राहण्याची सोय होते. पण ज्यांच्याकडे चौकशी केली त्यांनी सांगितले, एका पडवीत पंधरा-वीस जण झोपतात. माझ्याबरोबर मिस्टर आणि अकरा वर्षांची मुलगी असणार. कपडे बदलायला, नमाज पढायला, निवांत पाठ टेकायला आपले स्वतःचे दार असलेली जागा असावी, एवढीच माझी इच्छा होती. त्याच महिन्यात भिशीचा माझा नंबर लागला. घरात फ्रिज बंद पडलेला होता. त्याच्या दुरुस्तीचे पैसे बाजूला काढून जे उरले, त्यात मी बसवायचे ठरवले.

पुण्यातल्या दुकानात तीन तंबू पाहिले. एक चौदाशेचा, एक दोन हजार आठशेचा आणि एक साडेनऊ हजारांचा. चौदाशेचा एका पदराचा होता. आत माणूस, बाहेर आभाळ आणि मध्ये एकच कापड. साडेनऊ हजारांच्या तंबूला अॅल्युमिनियमच्या काड्या होत्या आणि वजन दोन किलोच्या आत. मधल्याला दोन पदर होते : आत जाळीचा, बाहेर पॉलिएस्टरचा. काड्या फायबरग्लासच्या, वजन तीन किलोला थोडे कमी. ‘तीन माणसांचा’ असे पिशवीवर छापलेले. मी दुकानातच मिस्टरांना आत आडवे व्हायला लावले. तीन माणसे म्हणजे खांद्याला खांदा लावून, कुशीवर वळायचे नाही अशी तीन माणसे. दोन मोठी आणि एक लहान मावतील, सामान बाहेरच्या पदराखाली ठेवावे लागेल, असा हिशेब झाला.

विक्रेता मुलगा भला होता. म्हणाला, ‘‘मॅडम, दोन हजार एमएम वॉटरप्रूफ आहे. दोन हजार मिलिमीटर पाऊस झेलतो.’’

इथे माझ्यातली भूगोलाची शिक्षिका जागी झाली. श्रीगोंद्यात वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर. त्याच जिल्ह्यात, कळसूबाईच्या रांगेतल्या घाटघरला पाच हजारांच्या आसपास पडतो. मग या हिशेबाने हा तंबू श्रीगोंद्यात चार वर्षे टिकेल आणि घाटघरात आषाढ संपायच्या आत बुडेल! तसे अर्थातच नसते. हा आकडा पावसाचा नव्हेच. कापडावर पाण्याची नळी उभी धरायची आणि पाणी चढवत न्यायचे. किती उंचीला कापडातून थेंब झिरपू लागतो, ते मिलिमीटरमध्ये लिहायचे. म्हणजे तो दाबाचा आकडा आहे. दोन्हीकडे मिलिमीटरच, म्हणून त्या मुलाची गल्लत झाली. वरून पडणाऱ्या पावसाचा दाब तसा फार नसतो, तेव्हा छताला दोन हजार बरे. हे मला तिथेच कळले. जमिनीचे काय, ते मात्र सुचले नाही. ते पुढे अनुभवाने कळायचे होते.

मधला तंबू घेतला आणि घरी आणून लपवला.

तिसऱ्या दिवशी मुलीने बिंग फोडले. अब्बा माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतात. असरनंतर रोज येतात. मुलगी पिशवी घेऊन त्यांच्यासमोर गेली. त्यांनी तंबू बाहेर काढला, मांडीवर घेतला आणि विचारले, ‘‘ये क्या लाई?’’

मी सांगितले.

‘‘पाल में सोने के पैसे देते क्या लोगां?’’ ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. त्यांनी किंमत विचारली. मी खरी सांगितली. ते गप्प राहिले.

ती गप्प मला ठाऊक होती. बहात्तरच्या दुष्काळात अब्बा चौदा वर्षांचे होते. दादाजींचे कुटुंब दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले होते. घरापासून काम लांब, म्हणून तिथेच बारदानाचे पाल मारून राहिले. मिलोची भाकरी, सुकडी, आणि रात्री बारदानातून येणारा वारा. अब्बांची धाकटी बहीण त्या पालात तापाने फणफणली होती. ती वाचली, पण अब्बा त्या दिवसांबद्दल फारसे बोलत नाहीत. एकदाच म्हणाले होते की, कापड शिवायचे काम मी तेव्हाच शिकलो, फाटलेले बारदान सांधताना. ज्या गोष्टीतून बाहेर पडायला त्या माणसाने पन्नास वर्षे दाभण चालवले, तीच मी पैसे मोजून घरात आणली होती. शिवाय आमच्या गावाबाहेर दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे उसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. चार बांबू, वर उसाचे पाचट, त्यावर ताडपत्री. त्यात बाळंतपणे होतात, मुले वाढतात. त्यांच्या शेजारून मी हा रंगीत तंबू पाठीवर घेऊन जाणार होते.

मला वाटले, अब्बा उठून जातील. पण कारागिराच्या हातात कापड आले की तो ते तपासल्याशिवाय खाली ठेवत नाही. त्यांनी चष्मा लावला. बाहेरचे कापड प्रकाशाकडे धरले, दोन बोटांत चोळले, शिवणीवर नख फिरवले. कोपऱ्यात जिथे दोरी बांधतात ती पट्टी दोन्ही हातांनी ओढून पाहिली. बोलायला लागले ते वीस मिनिटे थांबले नाहीत.

त्यांचे म्हणणे असे. सुती ताडपत्रीला सुईने भोक पडते. पण पहिल्या पाण्यात सूत फुगते, दोराही फुगतो आणि भोक बुजते. म्हणून जुने लोक नवी ताडपत्री आधी भिजवून वाळवत. हे कापड फुगणारे नाही. इथे सुईचे भोक कायमचे. म्हणून आतून पट्टी चिकटवली आहे. पट्टी आहे तोवर तंबू. पट्टी सुटली की चाळण. त्यांनी प्रत्येक शिवण आतून तपासायला लावली. एका कोपऱ्यात, तीन शिवणी एकत्र येतात तिथे, पट्टी पुरती बसलेली नव्हती. ‘‘इधर से आएगा पानी,’’ त्यांनी बोट ठेवले. दोऱ्यांच्या पट्ट्यांना टाके एकेरी होते. काड्यांबद्दल ते म्हणाले की या वाकतील, पण मोडल्या तर बांबूसारख्या कुसळे काढून मोडतील, हाताला लागेल. खुंट्या त्यांनी सरळ बाजूला टाकल्या. खिळ्याएवढ्या बारीक तारा. आमच्या मुरमात ठोकल्या तर वाकणार.

‘‘मग वाया गेले का पैसे?’’ मी विचारले.

ते लगेच काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘गिऱ्हाईकाला मी पहिल्यांदा विचारायचो, ताडपत्री कशावर टाकणार? कांद्यावर की सिमेंटवर? कांद्याला हवा लागते, सिमेंटला थेंब चालत नाही. कशावर टाकणार हे ठाऊक नसेल, तर चांगली ताडपत्री कोणती हे मी कसं सांगू?’’

इतकी वर्षे मी मुलांना प्रश्न नीट वाचा म्हणून सांगते. तंबू चांगला की वाईट, असे मी विचारत होते. कुठल्या रात्रीसाठी, हे विचारलेच नव्हते.

मे महिन्यात गच्चीवर परीक्षा घेतली. गच्चीत खुंटी ठोकता येत नाही, म्हणून तणावे विटांना बांधले. मिस्टरांनी झारीने अर्धा तास पाणी घातले. अब्बांनी बोट ठेवले होते त्याच कोपऱ्यातून थेंब आला. बाकी छत कोरडे. पंक्चरवाल्याकडून रबराचे सोल्युशन आणून मी तो कोपरा बंद केला. दुसऱ्या दिवशी ते सगळे पापुद्र्यासारखे निघून आले. मग पुण्याहून शिवणीला लावायचे खास द्रव मागवले, दीडशे रुपये. ते टिकले.

खरी गोष्ट पहिल्या मोठ्या पावसात कळली. मुलीने हट्ट धरला म्हणून त्या रात्री आम्ही दोघी गच्चीवर तंबूत झोपलो. रात्रभर पाऊस होता. छत गळले नाही. फजरला मी आतच नमाज पढले. उभे राहता येत नव्हते म्हणून बसून. सजद्यातून उठले तर दोन्ही गुडघ्यांवर सलवार ओली! मुलगी झोपली होती तिथे मात्र कोरडे होते. मला उलगडा होईना. वरून थेंब नाही, मग गुडघ्यालाच पाणी कुठून?

शाळेत मधल्या सुट्टीत कागद घेऊन बसले. माझ्या वजनातले तीस किलो दोन गुडघ्यांवर आले असे धरू. दोन्ही गुडघे मिळून टेकतात ती जागा शंभर चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला तीनशे ग्रॅम. हा दाब किती उंच पाण्याच्या नळीएवढा? तीन मीटरच्या. तीन हजार मिलिमीटर! तंबूच्या जमिनीचे कापड दोन हजारांचे. झोपलेल्या मुलीचे वजन सगळ्या अंगाखाली पसरलेले, म्हणून ती कोरडी. माझे दोन ठिकाणी गोळा झालेले, म्हणून गच्चीवर साचलेले पाणी नेमके तिथून दाबाने वर आले. पावसाने जे जमले नाही ते माझ्या गुडघ्यांनी केले होते. हे गणित मी नंतर नववीच्या वर्गात फळ्यावर मांडले. दाबाचा धडा इतक्या शांततेत मी कधी शिकवला नव्हता.

अब्बांना सांगितले तेव्हा ते हसले. फार दिवसांनी हसले. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या ताडपत्रीचा एक तुकडा घेऊन आले. तीच ताडपत्री, जिने त्यांचा धंदा खाल्ला. तंबूखाली अंथरायला त्यांनी तो बेतून आणला होता. पण तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी चार बोटे लहान. मला वाटले, माप चुकले. ते म्हणाले, मोठी ठेवलीस तर छतावरून ओघळलेले पाणी ती झेलेल आणि तंबूखाली नेईल. कडांना दुमड घालून त्यांनी रिंगा ठोकल्या होत्या. दोऱ्यांच्या पट्ट्यांवर दुहेरी टाके घातले होते. लोहाराकडून आठ खुंट्या करून आणल्या होत्या, वीतभर लांबीच्या. त्यांचे पैसे घेतले नाहीत.

आणखी एक ताकीद दिली : आत काही पेटवायचे नाही. स्टोव्ह नाही, मेणबत्ती नाही, डासांची अगरबत्तीसुद्धा नाही. १९९७ च्या हजला मिनाच्या तंबूंना आग लागली आणि तीनशेहून अधिक हाजी गेले, त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एक खाला तिथे होत्या. त्या सुखरूप परतल्या. पण तीन दिवस खबर नव्हती. पुढे मिनात न पेटणाऱ्या कापडाचे, टेफ्लॉन चढवलेल्या फायबरग्लासचे तंबू उभे राहिले. आमचा तंबू साध्या पॉलिएस्टरचा. ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटेल.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बारीला गेलो. एका शेतकऱ्याने खळ्याशेजारी जागा दिली. थंडी कडक होती. तंबू उभा करायला पंधरा मिनिटे लागली, कारण गच्चीवर सवय झाली होती. रात्री वारा सुटला. कापड फडफडत राहिले, काड्या वाकत होत्या आणि पुन्हा सरळ होत होत्या. मी जागी होते. अब्बांच्या धाकट्या बहिणीची आठवण येत होती. बारदानातल्या वाऱ्याचा आवाज असाच असेल का, असे वाटत होते. पण आमच्याजवळ परतीची तिकिटे होती. तंबूत झोपलेल्या दोन माणसांमधला फरक कापडाचा नसतो. एकाला उद्या घरी जायचे असते, दुसऱ्याला जायला घर नसते. अब्बा त्या दिवशी गप्प का झाले, ते मला तिथे पुरते कळले.

पहाटे मुलगी ओरडली, ‘‘अम्मी, गळतंय!’’ बाहेर आभाळ निरभ्र, चांदण्या स्वच्छ. बाहेरच्या पदराला आतून पाण्याचे थेंब लोंबत होते. ती गळती नव्हती. आमच्याच श्वासाचे पाणी होते. तीन माणसांच्या श्वासातून आणि अंगातून रात्रीत तांब्याभर वाफ निघते, ती थंड कापडाला लागली की दव होते. आम्ही थंडीच्या भीतीने सगळ्या झडपा लावून घेतल्या होत्या. दोन पदर असल्यामुळे थेंब जाळीवरच अडकले. चौदाशेचा एका पदराचा तंबू घेतला असता, तर ते पांघरुणावर पडले असते. त्यानंतर मी वरची झडप कितीही थंडी असली तरी उघडी ठेवते.

उजाडल्यावर वर निघालो. लोखंडी शिड्यांवर मिस्टर पुढे, मुलगी मध्ये, मी मागे. तीन तासांनी शिखरावरच्या देवळापाशी पोचलो. खाली भंडारदऱ्याचे पाणी चकाकत होते. पलीकडे अलंग, मदन, कुलंग. मी नववीतल्या त्या मुलीसाठी फोटो काढला.

आता हिशेब. तंबूचे दोन हजार आठशे. द्रवाचे दीडशे. अब्बांच्या मजुरीचे शून्य, म्हणजे जे मोजता येत नाही ते. दोन वर्षांत आम्ही त्यात चौदा रात्री झोपलो; तंबूपुरते बोलायचे तर रात्रीला दोनशे रुपये. वर्षातून एकदाच जाणाऱ्याने विकत घेऊ नये, भाड्याने घ्यावा. महिन्या-दोन महिन्यांनी जाणाऱ्याने दोन पदरांचाच घ्यावा, काड्यांपेक्षा शिवणी आधी पाहाव्यात, घरी पाणी घालून पाहावे आणि ‘तीन माणसांचा’ म्हणजे दोघांचा समजावा. उन्हात दिवसभर उभा ठेवू नये. ऊन या कापडाला पावसापेक्षा लवकर खाते. ओला गुंडाळू नये. आणि आषाढात घाटघरला जायचे असेल, तर साडेनऊ हजारांचा घ्यावा किंवा कुणाच्या तरी पडवीत झोपावे. पडवी बरी.

गेल्या उन्हाळ्यात वीज गेली होती त्या रात्री मुलगी अब्बांना गच्चीवर घेऊन गेली. बाहेरचा पदर काढून नुसत्या जाळीत दोघे झोपले. सकाळी मी चहा घेऊन वर गेले, तर अब्बा जागे होते. म्हणाले, ‘‘हवा अच्छी आती.’’ बाकी काही बोलले नाहीत. चहा घेऊन झाल्यावर त्यांनी तंबूला एक फेरी मारली, एक तणावा सैल झाला होता तो ओढून बांधला आणि घरी गेले.

यंदाच्या डिसेंबरात शाळेतल्या चार मुली आणि त्यांच्या आया आमच्याबरोबर बारीला येणार आहेत. दोन तंबू भाड्याने घेऊ, एक माझा. एका मुलीचे वडील घरी आले होते. ते मोटार-मेकॅनिक. सगळे विचारून झाल्यावर उंबऱ्यात थांबून म्हणाले, ‘‘बाजी, तंबू मजबूत है ना?’’

‘‘पाऊस नसला तर आहे,’’ मी म्हणाले.

त्यांनी क्षणभर विचार केला आणि मुलीचे नाव लिहून घ्या म्हणाले.